उपासाची कुपी

आमच्याकडे कापसाचा हंगाम सरतो, कापूस मात्र सरत नाही. गाड्या जिनिंगला जाऊन येतात, अंगण झाडून होतं, आणि मग कधीतरी देव्हारा पुसताना तसबिरीमागून पांढरं, पिंजल्यासारखं काहीतरी निघतं. कोणाच्या पदराला चिकटून आलं, कधी आलं, सांगता येत नाही. माझ्या पोरीच्या संशोधनाचे किस्से माझ्याकडे असेच जमलेत. मी काही जमवायला गेले नव्हते. ती हैदराबादहून फोनवर बोलायची, मी इकडं आदिलाबादजवळ जैनथला भाजी निवडत ऐकायची, आणि एक दिवस पाहते तर कोनाडा भरलेला!

आमच्या सोमवारच्या मंडळातल्या बायकांना हे सगळं तोंडपाठ आहे. तरी आरती झाली की कोणीतरी म्हणतंच, "ते गुर्द्याचं सांगा ना." तर गुर्द्यापासूनच सुरू करते.

*

पल्लवी पीएचडीला लागली ते पहिलं वर्ष. माझी पूजा आटोपली की मी रोज तिला फोन करायची. एका सकाळी मागं नुसता गलका ऐकू आला. कुठं आहेस विचारलं तर म्हणाली, "खाटकाच्या दुकानात."

चातुर्मासात आमच्या घरात कांदा शिजत नाही. मी हातातलं ताम्हन खाली ठेवलं.

"काऊन व बाई?"

"लॅबसाठी, आई. बोकडाचे गुर्दे लागतात. एकदम ताजे."

तिच्या बाबांनी फोन घेतला, शिकायला पाठवलं की गुर्दे आणायला, असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच परत माझ्या हातात दिला. मग तिनं मला समजावलं. गुर्द्यात, म्हणजे मूत्रपिंडात, रक्त गाळलं जातं. गाळताना घाणीबरोबर अंगाच्या कामाचं पुष्कळ काही निघून चाललेलं असतं. पण तिथल्या पेशींच्या पातळ भिंतीत दरवाजे असतात. प्रोटीनचे दरवाजे. ते त्या वाहत्या पाण्यातून आपलं तेवढं बरोबर ओळखतात आणि परत आत घेतात. दिवसभर, आपण झोपलो तरी. त्यातल्या एका दरवाजाचा अभ्यास तिच्याकडे होता. त्याचं नाव लांबलचक आहे, मला म्हणता येत नाही.

गेलेलं परत दे म्हणून आपण देवासमोर हात जोडतो, आणि न मागता परत देणारा कोणीतरी आपल्याच कमरेत बसलेला!

पण बायकांना आवडतो तो शेवट वेगळाच आहे. पुढं त्या खाटकाला पल्लवीचं इतकं कौतुक वाटू लागलं की सकाळचे पहिले गुर्दे तो तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. एकदा कोणी मोठं गिऱ्हाईक त्यांवर हात ठेवायला गेलं, तर त्यानं सुरी आडवी धरली. म्हणाला, "नक्को हात लगाओ साब, ये पढ़ाई का माल है."

*

आता या दरवाजाचं माप घ्यायचं होतं. मोठा किती, लहान किती.

पल्लवीच्या बाबांना वाटलं, काढा बाहेर आणि टाका वजनकाट्यावर. पण चौकट भिंतीतून उपटली की ते दार राहत नाही, नुसतं लाकूड राहतं. तसं या प्रोटीनचंही होतं. भिंतीतून काढलं की ते काम करत नाही. भिंतीत असतानाच मोजायचं, तेही डोळ्यांना न दिसणारं. मग कसं?

पल्लवी म्हणाली, "किरणांनी. गारपीट होऊ द्यायची."

भिंतीचे तुकडे गोठवून कुप्यांत भरायचे आणि त्यांवर गॅमा किरण सोडायचे. कोणाला कमी वेळ, कोणाला जास्त. किरण नेम धरत नाही, कुठंही पडतो. ज्या दरवाजाला लागला तो मोडला. मग कुप्या बाहेर काढून किती दरवाजे अजून काम करतात ते पाहायचं. दरवाजा जेवढा मोठा, तेवढा तो लवकर सापडतो. गारपिटीत मोठा भोपळा आधी फुटतो, वांगं वाचतं, तसं. कितीशा माऱ्यात किती मोडले, यावरून माप निघतं.

मोडण्यावरून माप काढायचं! हे ज्याला पहिल्यांदा सुचलं असेल त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

*

पुढं ती म्हणाली की शंभरातले सदतीस शिल्लक राहतात तो मारा पकडायचा. मी विचारलं, सदतीसच काऊन? ती म्हणाली, शंभर दरवाजांवर शंभर घाव पडले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक यायला पाहिजे की नाही? पण तसं होत नाही. कोणाला दोन लागतात, कोणाला तीन, आणि सदतीसच्या आसपास तसेच सुटतात. कधीही करून पाहा.

मी करून पाहिलं. ओसरीवर रांगोळीनं शंभर घरं आखली, डोळे मिटून पाटावर उभी राहिले आणि लग्नात अक्षता टाकतात तसे ज्वारीचे शंभर दाणे टाकले. बाहेर पडलेले उचलून पुन्हा टाकले. मग रिकामी घरं मोजली. पहिल्यांदा चाळीसच्या वर. दुसऱ्यांदा एकोणचाळीस. तिसऱ्यांदा छत्तीस.

माझ्या अंगावर काटा आला. टाकणारी मी, डोळे मिटलेले, हात कसाही फिरलेला. आणि तरी त्या आंधळ्या पावसातून सुटणाऱ्यांचा आकडा कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेला.

पल्लवीचे बाबा खाटेवरून सगळं पाहत होते. मला वाटलं, आता हसतील. ते उठले, एका रिकाम्या घरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "त्या वर्षीच्या गारपिटीत आपलं वावर हे होतं."

*

अशात कमलाबाईंनी घोळ घातला. कमलाबाई आमच्या मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या. दिवाळीला पल्लवी घरी आली तेव्हा ती कुंकू लावायला पुढं झाली, तर त्यांनी कपाळच मागं घेतलं. म्हणाल्या, पोरगी किरणांतून आली आहे, तिच्या हाताला ते लागलेले असतील. बाकीच्या बायकाही थबकल्या. पल्लवी बिचारी करंडा हातात धरून उभी.

शेजारच्या उज्ज्वलाताई तिथंच होत्या. त्या शाळेत शिकवतात. विहारात जातात, आमच्या व्रतांत बसत नाहीत, पण फराळाला हक्कानं येतात. त्या म्हणाल्या, "कमलाबाई, मागच्या साली तुमच्या छातीचा फोटो काढला ना दवाखान्यात? मंग तुमी घरी आल्या तवा घरात उजेड पडला होता का?"

किरण आरपार जातो, मागं राहत नाही, खिडकीतल्या उन्हासारखा, असं त्यांनी शांतपणे समजावलं. कमलाबाईंनी जरा विचार केला आणि कपाळ पुढं केलं.

"लाव माय. पण उजेड पडला असता तर बरंच झालं असतं. त्या महिन्यात आमची लाइनच नवती."

*

एक छोटासा किस्सा सांगते. पल्लवीच्या बाबांना एक शंका होती. मारा किती झाला हे यंत्र सांगेल, पण यंत्राचंच चुकलं तर? बाजारात कापूस मोजताना ते आधी काट्यावर माहितीचं वजन ठेवून बघतात, तसं इथं काय?

पल्लवी खूश झाली. म्हणाली, प्रत्येक कुपीत आम्ही दुसरंही एक प्रोटीन टाकतो, ज्याचं माप आधीच माहीत आहे. दोघं एकाच पावसात उभे राहतात. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच आपल्याचं खरं धरायचं.

"म्हणजे साक्षीदार," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी पोरीच्या अभ्यासावर एकही शंका घेतली नाही. साक्षीदार ठेवून काम करणारी माणसं त्यांना पटतात.

*

खरा प्रश्न पुढंच होता, आणि पल्लवीची सगळी वर्षं त्याच्यावर टांगलेली होती. तो दरवाजा एकट्यानं काम करतो, की दोन मिळून?

तिचे सर म्हणायचे, एकटा. सर तेलुगू, मोठा माणूस, स्वभावानं मऊ. त्यांनी तसं आधी छापूनही टाकलेलं होतं. पल्लवीला मात्र राहून राहून वाटायचं की दोन आहेत. बाहेर काढून पाहिलं तर सुटे सुटेच दिसतात. पण भिंतीत असताना जोडीनं काम करत असतील, आणि एकाला किरण लागला की दुसराही थांबत असेल, तर माप दुप्पट यायला पाहिजे.

मी म्हटलं, "म्हणजे मेहुणासारखं."

उद्यापनाला आपण नवरा-बायकोला जोडीनं जेवायला बोलावतो, ते मेहुण. पाटावर दोघं बसले तरच ते मेहुण. एक उठून गेला तर दुसऱ्याला वाढून व्रत पुरं होत नाही.

पल्लवीनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आई, हे मी उद्या मीटिंगमध्ये सांगते." आणि सांगितलंही. तेव्हापासून त्यांच्या लॅबमध्ये दोन पक्ष पडले, एकट्याचा आणि मेहुणाचा. सर एकट्याचे पुढारी.

*

त्यांच्या जवळचं किरणांचं यंत्र बंद होतं, म्हणून कुप्या नागपूरला न्याव्या लागत. तिथं एका संस्थेत कोबाल्टची कोठी आहे, त्या कोबाल्टमधूनच किरण निघतात. त्यात बहुतेक बियाण्यांना किरण देतात. ती सांभाळतात वानखडे काका. निवृत्तीला आलेले, माळकरी. खंडेनवमीला त्या शिशाच्या कोठीला झेंडूची माळ घालतात, असं पल्लवीनं सांगितलं तेव्हाच मला ते ओळखीचे वाटले.

कुप्यांमध्ये एक कुपी अशी असते जिला किरण द्यायचाच नाही. बाकी सगळं तिनं सोसायचं. तीच गाडी, तोच कोरडा बर्फ, तेवढाच वेळ कोठीशेजारी. फक्त किरण नाही. नंतर तिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. ती नसली तर कोण किरणानं मेलं आणि कोण प्रवासानं, हे कळणार कसं?

त्या खेपेला पल्लवी जेवायला गेली होती. काका कोठीपाशी आले, तर बाकीच्या कुप्या आत आणि एक तेवढी बाहेर, बर्फात एकटी. त्यांना वाटलं, पोरगी विसरली. त्यांनी कोठी थांबवली आणि तिलाही आत बसवलं.

पल्लवी परत आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. काय झालं ते कळल्यावर काकांनी हात जोडले. म्हणाले, "माय, सगळी पंगत जेवून राह्यली आन एक पान उपाशी. माह्यानं पाहवलं नाही."

सगळी खेप वाया गेली. पोरगी रात्री फोनवर रडली. मी तिला रागावू दिलं नाही. आणि माझ्या पूजेतला लाल दोरा पाकिटातून पाठवला. म्हटलं, पुढच्या खेपेला तिच्या गळ्यात बांध आणि काकांना सांग, हिचा उपास आहे.

तेव्हापासून ती उपासाची कुपी. काकांनीही तो दोरा पाहिल्यावर तिला लांबूनच नमस्कार केला म्हणे.

*

आता मात्र एकच खेप हातात होती. कोबाल्टही म्हातारा होत जातो, त्याचा जोर ओसरतो. ती कोठी नवा कोबाल्ट यायचा म्हणून बंद होणार होती, कधी उघडेल कोणी सांगेना. इकडं पल्लवीची फेलोशिप संपत आलेली. ही खेप साधली नाही तर प्रबंधात 'एक किंवा दोन' असं मोघम लिहून द्यावं लागणार होतं.

सर पल्लवीला घेऊन ती शेवटची पाळी ठरवायला नागपूरला चालले होते, तेव्हा वाटेत आमच्याकडे जेवायला उतरले. सोमवार होता. श्रावणात मी सोळा सोमवार धरले होते. सरांनी पाहिलं की मी वाढते आहे, जेवत नाही. पल्लवीनं कारण सांगितलं. ते असल्या गोष्टी मानत नाहीत, पण हसले नाहीत. हिंदीत विचारलं, "अम्मा, व्रत किसके लिए? दो के लिए ना?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं. "नाई सर. एक मागितला नाई, दोन मागितले नाई. जे हाय ते दिसू दे, येवढंच मागितलं."

सरांनी ताटातला घास तसाच धरला. मग म्हणाले, "ये तो मेरी भी प्रार्थना है." आणि जाताना स्वतःहून प्रसाद मागून घेतला. मेहुण म्हणजे काय तेही त्यांनी पल्लवीकडून पुन्हा नीट समजून घेतलं. म्हणाले, अच्छा शब्द है.

*

शेवटच्या खेपेला मी पल्लवीबरोबर गेले. कार्तिक चालू होता. तिची झोप झालेली नव्हती, एकटीला पाठवायला माझं मन घेईना.

नागपूरला मी ती कोठी पाहिली. शिशाचा जाड रांजण म्हणा ना. वानखडे काकांनी कुप्या खाली सोडल्या, झाकण बसवलं आणि आम्ही उभे राहिलो. आवाज नाही. उजेड नाही. ऊब नाही. मी कितीतरी देवळांत उभी राहिले आहे, आमच्या जैनथच्या नारायणासमोर तर किती वेळा. पण इतकं काही चाललेलं असताना इतकं शांत मी पाहिलं नव्हतं. माझे हात आपोआप जुळले. बाजूला पाहते तर काकांचेही.

उपासाची कुपी बाहेर, तिच्या बर्फात, लाल दोरा बांधून.

काम झालं आणि आम्ही भाड्याच्या गाडीनं हैदराबादकडे निघालो. आदिलाबाद मागं पडलं. इचोड्याला आलो तर रस्ता जाम. पुढच्या घाटात कापसाचा ट्रक आडवा झालेला, गाड्यांची रांग ढाब्यांपर्यंत. त्यात पल्लवीच्या लक्षात आलं की थर्मोकोलच्या पेटीचं झाकण सामानाखाली दबून तडकलं आहे. उघडून पाहिलं तर कोरडा बर्फ सुपारीएवढा उरलेला. तो वितळत नाही, नुसता उडून जातो, मागं पाणीसुद्धा ठेवत नाही.

साधा बर्फ ढाब्यावर पाहिजे तेवढा होता. पण त्याच्या थंडीनं भागणारं नव्हतं. कुप्या एकदा वितळल्या की संपलं.

पोरीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. देवाचं नाव घेत होते, आणि घेता घेता मला आमच्या गाईची आठवण झाली. वसुबारसेला तिची पूजा करते तेव्हा तिच्या वासराला ओवाळताना मला दर वेळी राजन्नाचा डबा आठवतो.

मी म्हटलं, "पल्लवी, राजन्नाच्या डब्यातून पांढरा धूर निघतो, तो कशाचा असतो व?"

"कोणता राजन्ना?"

"डब्यात बैलाचं बी घेऊन आपली गाय फळवायला यायचा तो. आता इथंच इचोड्याला राहतो."

तिनं पेटीचं झाकण खाली ठेवलं. "आई, त्याच्याकडे लिक्विड नायट्रोजन असते, कोरड्या बर्फाहूनही थंड. नंबर हाय का तुझ्याजवळ?"

होता. राजन्ना मोटरसायकलवर डबा बांधून आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून म्हणाला, "अम्मा, गाय कुठं हाय?"

पल्लवीनं पेटी दाखवली. यात काय आहे, त्यानं विचारलं. बोकडाचे गुर्दे, ती म्हणाली. राजन्नानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरी कितीदा त्यानं चहा घेतला आहे, आमचं सोवळं त्याला माहीत. पण तो कामाला लागला. डब्याचं बूच काढलं, धूर बाहेर आला आणि लांब दांड्याची डबी वर घेऊन त्यानं कुप्या एकेक आत सोडायला सुरुवात केली.

"आत मुऱ्हा रेडा हाय, जर्सी बैल हाय," तो म्हणाला. "बोकड पहिल्यांदाच बसून राह्यला."

शेवटी उपासाची कुपी. तिच्यावर दव धरलं होतं. आत वितळली की नाही, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पल्लवीनं ती क्षणभर हातात धरली आणि सोडली.

रस्ता मोकळा झाला, पण राजन्ना डबा देईना. डबा ऑफिसचा, त्याच्या नावावर. म्हणून तोच गाडीत बसला, डबा दोन्ही पायांत धरून, थेट हैदराबादपर्यंत. लॅबच्या दारात सर उभे होते. बैलांच्या बियांच्या नळ्यांमधून आपल्या कुप्या निघताना ते वाकून पाहू लागले. राजन्नानंच त्यांना तेलुगूत काहीतरी विचारलं आणि सरांना हसू आलं. मागून पल्लवीनं मला अर्थ सांगितला. त्यानं विचारलं होतं, याचं वासरू किती महिन्यांनी? आणि सर म्हणाले होते, महिनाभरात कळेल, एक आहे की जुळं.

मी बाहेर बाकावर बसले. पल्लवीनं आधी उपासाची कुपीच घेतली. ती मेली असली तर बाकीच्या उघडायचंही कारण नव्हतं. राजन्ना माझ्या शेजारी डबा मांडीजवळ घेऊन बसला होता, त्याला जायची घाई दिसत नव्हती. कॅन्टीनमधून चहा आला, त्यानं घेतला. मी नाही घेतला. तोही निम्मा ठेवून म्हणाला, कळल्यावर पितो.

दार उघडलं. पल्लवीच्या हातात तो लाल दोरा होता, अजून ताठ, तारेसारखा.

"आई," ती म्हणाली, "हिला काहीच झालं नाही."

राजन्नानं चहा संपवला.

*

त्यानंतर मी जैनथला आले. पल्लवीचं काम चालू होतं. एकेक कुपी, एकेक दिवस. फोन यायचा, पण ती आकडे सांगायची नाही. सगळे झाल्याशिवाय सांगणार नाही, म्हणाली. मीही विचारलं नाही. पल्लवीचे बाबा तेवढे म्हणायचे, साक्षीदार काय म्हणतो ते विचार. साक्षीदाराचं माप बरोबर आलं, एवढं तिनं सांगितलं.

माझे सोमवार पुरे झाले. उद्यापनाला मेहुण कोणाला बोलवायचं यावर मंडळात चर्चा झाली. कमलाबाईंच्या मनात त्यांचा भाचा आणि भाचसून होते. पण मी इचोड्याला फोन केला होता. राजन्ना आणि त्याची बायको सकाळच्या बसनं आले. तो धोतर नेसून, ती हिरव्या साडीत. दोघांना शेजारी शेजारी पाट मांडले, पानाभोवती रांगोळी घातली. कमलाबाईंनी दोघांना कुंकू लावलं. उज्ज्वलाताई स्वयंपाकघरात पुरण वाटायला बसल्या होत्या, फराळाच्या हक्कानं.

मी पहिली पोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि ओसरीवर फोन वाजला. पल्लवीच्या बाबांनी घेतला, ऐकलं आणि माझ्या कानाशी आणून धरला. तुपाची वाटी माझ्या हातात तशीच.

फोनवर पल्लवी नव्हती, सर होते. पल्लवीला बोलता येत नाही आहे, म्हणून मी घेतला, असं म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"अम्मा, आज आपके यहाँ पान पर कौन बैठा है?"

मी सांगितलं, राजन्ना बसलाय. त्याची बायको बसलीय.

त्यांच्या मागं लॅबमधली पोरं काहीतरी बोलत होती, मध्येच कोणाच्या तरी टाळ्या ऐकू आल्या. मग ते मराठीत बोलले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"इथं पण, अम्मा. मेहुण."